गोजराबाईच्या पाटीतलं खापर

भाकरी मोडते. वाळली तर कडकडते, शिळी झाली तर चिवट होते, पावसाळ्यात ठेवली तर बुरशी धरते. पण भाकरी फुटत नाही. फुटलेली भाकरी आजवर कुणी पाहिलेली नाही. आणि सत्तावन्न सालच्या माघात एका दुपारी ओढ्यातल्या दगडावरून गोजराबाईचा पाय सटकला, ती मटकन खाली बसली, डोक्यावरची पाटी काठावर आदळली आणि पाटीतून चांगला खणखणीत आवाज आला. खळ्ळ!

गोजराबाईला आधी वाटलं, आपलंच हाड गेलं. तिनं गुडघा चाचपला, कोपर चाचपलं, ओढ्याला एक शिवी हासडली आणि तो दगड ज्यानं तिथं आणून टाकला त्याच्या बापाला दोन. हाडं जागच्या जागी होती. मग तिनं पाटी पुढं ओढली. पाटीत फडक्यात बांधलेली एकवीस गाठोडी होती आणि एकवीसच्या एकवीस गाठोड्यांत पोरांच्या दुपारच्या भाकरी होत्या. मग फुटलं काय?

ही पाटी गोजराबाईच्या डोक्यावर कशी आली ते सांगायला हवं. वरच्या वाडीत चौदा उंबरे. शाळा खाली माले गावात, उतरणीची दीड तासाची चाल. शाळा सकाळची, म्हणून पोरं फटफटायच्या आत निघायची. पूर्वी आया त्यांच्या हातातच भाकरी द्यायच्या, आणि ही गुलामं पहिल्याच वळणावर आंब्याखाली बसून ती फस्त करायची. दुपारी पोटात आग पडली की वर्गात पेंगायची. शेवटी मास्तर एकदा स्वतः चढण चढून वाडीत आले आणि पारावर उभं राहून त्यांनी सगळ्या आयांना झाडलं. "नाचणीची भाकरी उत्तम. पण तिच्याबरोबर पालेभाजी द्या, डाळ द्या. कोंबड्यांची अंडी सगळी बाजाराला धाडता आणि पोरांच्या तोंडाला नुसती मिरची लावता! पोरांची हाडं कशानं भरायची, तुमच्या शिव्यांनी?" बाया पदरात तोंड लपवून खुसखुसल्या. मास्तरांचं लग्न व्हायचं होतं, म्हणून त्यांना एवढा स्वयंपाक सुचतोय, असं त्यांचं म्हणणं पडलं. पालेभाजी आणि अंडी तिथंच पारावर राहिली. एवढं मात्र ठरलं, की भाकर पोरांच्या हाती न देता दुपारी कुणीतरी शाळेत पोचवायची.

कुणीतरी म्हणजे गोजराबाई, हे सांगायची गरजच नव्हती. तिच्या पोटी मूल नव्हतं. नवरा गेणबा मुंबईत डबेवाला, वर्षातून एकदा जत्रेला यायचा. आला की धंद्याच्या गोष्टी सांगायचा. "दुसऱ्याच्या डब्याचं झाकन अन् दुसऱ्याच्या न्हाणीचं दार, आपुन हून उघडायचं न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गोजराबाईनं ते गाठीला बांधलं होतं. सहा वर्षं ती पाटी वाहत होती, उन्हात, चिखलात, एकदा तर अंगात ताप असताना. पण कुणाची गाठ तिनं सोडली नव्हती.

गाठ सोडत नव्हती, पण तोंडही बांधत नव्हती, हीच तर रड होती. गोजराबाईच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. दारोदार गाठोडं हातात घ्यायची, तोलून बघायची आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. "काय गं धोंडे, भाकर हाय का पापाड?" "रत्ने, सासूला चार अन् पोराला अर्धी व्हय?" कुणाचं गाठोडं हलकं, हे सगळ्या वाडीला तिच्यामुळं रोज कळायचं. आणि कुणाचं जड, तेही. सगळ्यात जड गाठोडं असायचं बानूचं. त्याचं कौतुक तर ती ओरडून करायची. "बघा गं बघा, धनगरीण बघा! लेकीला कसं बांधून देती! शिका जरा!"

बानू म्हणजे म्हसू धनगराची लेक, चौथीतली. म्हसू मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन ताम्हिणीचा घाट उतरून खाली कोकणात गेला होता. दर साली बायकापोरं वाड्याबरोबर जायची, पण औंदा त्याची बायको सगुणा हटून बसली. पोरांची शाळा बुडवणार नाही म्हणजे नाही. वाडीच्या कडेला खोपट होतं, तिथं ती दोन पोरांना घेऊन राहिली आणि सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. अंधारातच निघायची. दोन्ही पोरांची गाठोडी दाराच्या खुंटीला टांगलेली असायची, ती गोजराबाई उचलायची.

तर आता ओढ्याच्या काठी बसून तिनं एकेक गाठोडं कानाशी धरून हलवलं. एकविसावं हलवलं तर आत खडखडलं. फडकं ओळखीचं होतं, निळ्या काठाचं. बानूचं.

सहा वर्षांत पहिल्यांदा गोजराबाईनं दुसऱ्याची गाठ सोडली. आत खापर होतं. भाकरी भाजायची मातीची तवी फुटली की जसा गोल तुकडा उरतो तसं, कडा दगडावर घासून भाकरीएवढं नीट गोल केलेलं. आता त्याचे दोन तुकडे झाले होते. भाकरीचा कण नव्हता. चटणीचा डाग नव्हता.

ती बघतच राहिली. अगं बाई! अगं बाई गं! तिच्या तोंडून दुसरं काही येईना, आणि हे गोजराबाईच्या बाबतीत म्हणजे आभाळ पडल्यासारखं होतं. हे खापर आपण डोक्यावर वाहिलं? हेच ते जड गाठोडं? ह्याचंच आपण रोज दारोदार कौतुक करत हिंडलो? आणि मग, व्हायचं तेच झालं. गोजराबाईला एकदा धक्का बसला की त्याचा राग व्हायला वेळ लागत नसे, आणि राग आला की तो कुणाच्या तरी डोक्यात घातल्याशिवाय तिला पाणी गोड लागत नसे. पोरीच्या पोटाला खापर बांधणारी ती अवदसा कोण? आईच की! दुसरं कोण?

पाटी डोक्यावर घेऊन ती तरातरा सडकेला लागली. कामावर जेवणाची सुट्टी झाली होती. करंजाच्या सावलीत खडी फोडणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांत वाडीच्याही चौघी होत्या, धोंडाबाई त्यांतलीच. सगुणा जरा बाजूला बसून भाकरी खात होती.

"सगुणे!" गोजराबाई लांबूनच कडाडली. "ऊठ! समद्यांदेखत सांग, ह्ये काय हाय?" आणि खापराचे दोन्ही तुकडे तिनं सगुणाच्या पायाशी टाकले. "लेकीच्या फडक्यात खापर बांधतीस? अन् सोता हितं बसून भाकर हानतीस? आगं, कुत्रीबी पिलाला पाजल्याबिगर गिळत न्हाई! आई हायेस का कोन हायेस?"

बायांचे हात थांबले. मुकादम वळून बघायला लागला.

सगुणानं खापराकडं पाहिलं. निळ्या काठाच्या फडक्याकडं पाहिलं. मग हातातल्या अर्ध्या भाकरीकडं पाहिलं. घास तिच्या तोंडात तसाच होता.

"ही तर बानूनं दिली," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक, की गोजराबाईला वाकावं लागलं.

"कोनी?"

"बानूनं. साळंला जाताना हितनंच जाती न्हवं? रोज देती. मी कामावरच खाते म्हून सांगितलं हुतं तिला, मुकादम देतोय म्हून. तिला कळलं, कोन काय देत न्हाई. तवाधरनं तीच आनती. म्हनती, आये, पीठ पुरलं. ही तुजी. माजी गोजरामावशी आनती." सगुणा एकदम थांबली. "अन् तुमी रोज हितनं जाताना वरडता, तुज्या पोरीचं गठुडं समद्यात जड. मला वाटायचं, पोरीच्या हाताला बरकत हाय."

मग तिनं तोंडातला घास हातावर काढला आणि उरलेल्या भाकरीवर ठेवला.

गोजराबाईनं मनाशी हिशेब मांडला. म्हणजे दोनच भाकरींचं पीठ. एक धाकट्या नथूची, एक आईची. आणि तिसरीच्या जागी खापर. पोरगी अंधारात उठून भाकरी थापते, स्वतःच्या नावचं खापर बांधते आणि ते खुंटीला टांगते. कशासाठी? तर रस्त्यानं जाणाऱ्या पाटीत आपलंही गाठोडं आहे असं आईला वाटावं म्हणून! एवढीशी कार्टी, नाकाला शेंबूड, आणि हे सगळं तिनं एकटीनं जुळवलं. आपण मात्र त्या पाटीसह चालत आलो आणि सगळ्यांसमोर आईचीच अब्रू काढून बसलो.

मागं बाया कुजबुजायला लागल्या होत्या. "ऐकलंस का गं? पोरीच्या तोंडचं काढून खाती म्हनं," धोंडाबाई म्हणाली. सगुणाचं बारीक बोलणं तिला ऐकू गेलं नव्हतं. गोजराबाईचं ओरडणं मात्र अख्ख्या सडकेनं ऐकलं होतं.

शाळेत वीस पोरं पाटीवर तुटून पडली. बानू नेहमीप्रमाणं शेवटी आली, हात पुढं करून. गोजराबाईनं तिच्या हातावर नुसतं फडकं ठेवलं. पोरीनं ते चाचपलं आणि वर पाहिलं.

"फुटलं?" तिनं विचारलं.

गोजराबाईनं तिला दंडाला धरून शाळेमागं नेलं. "कवाधरनं चाललंय ह्ये?"

"दिवाळीपासनं."

"अन् दुपारचं काय खातीस?"

"बोरं. पानी पिती."

"भूक लागत न्हाई?"

"लागती की. मंग मी पाढे म्हनती. एकोणतीसपातूर येत्यात मला."

गोजराबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं आपल्या ओटीतली स्वतःची भाकर काढली आणि पोरीपुढं धरली. बानूनं दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा खाल्ली, सगळी, आणि मग फडक्यात पडलेला चुरा बोटानं टिपून खाल्ला.

"मुडदे, मला सांगायचं न्हाईस? मी काय वाघ हाय का?"

"तुमाला?" बानूला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "तुमाला सांगितलं की समद्या वाडीला कळतंय की."

कुणी थोबाडीत दिली असती तर बरं, असं गोजराबाईला वाटलं. पोरगी उद्धटपणे बोलली नव्हती. ओढ्याला पाणी आहे म्हणावं तसं साधं बोलली होती.

"आयीला कळलं तर ती खायाची थांबंल, न्हाईतर मला बाच्या वाड्यावर धाडंल. तितं साळा न्हाई." बानूनं तिचा पदर धरला. "आयीला सांगू नगा, मावशे."

आता काय सांगणार कपाळ! जे बोलायला नको होतं ते तासाभरापूर्वीच बोलून झालं होतं.

दिवस कलताना ती सगुणाच्या खोपटाशी गेली. सगुणा घोंगडं गुंडाळत होती. चूल पेटलेली नव्हती. बानू कोपऱ्यात पाटी-दप्तर उराशी धरून बसली होती, रडून डोळे सुजलेले. लहानगा नथू काही न कळून आईच्या मागं मागं फिरत होता.

"परवा माजा दीर घाट चढून येतोय," सगुणा म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "त्याच्यासंगं बानूला धाडते. वाड्यावर दूध तरी मिळंल तिला."

"आगं, पर तिची साळा?"

"कसली साळा, आक्का? पानवठ्यावर गेले तर बायांनी घागरी बाजूला घेतल्या. लेकीला खापर चारनारी म्हनत्यात मला. उद्या पोरीला म्हनतील, आईपायी हिनं खापर खाल्लं. त्या साळंत ती कसं तोंड दावनार?"

"मी सांगते समद्यांस्नी खरं काय ते."

"काय सांगनार? की सगुणीच्या घरात दोनच भाकरीचं पीठ हुतं? ह्ये सांगनार?" सगुणाचे डोळे पेटले. "माजी पोर उपाशी ऱ्हायली ती ह्येच झाकायला ना? तुमी त्येच उघडं करनार?"

"मंग मी घालते तिला रोज भाकर. माज्या घरात खानारं कोन हाय?"

"भीक नगं, आक्का. धनगराची लेक हाय मी. आमी मेंढरं राखतो, भाकरी मागत न्हाई." आणि सगुणानं घोंगड्याची गाठ इतकी करकचून आवळली, की पुढं बोलायचं काही राहिलं नाही.

गोजराबाई घरी आली ती सुन्न होऊन. खरं सांगावं तर सगुणाची लाज जाते. गप्प बसावं तर सगुणा कैदाशीण ठरते आणि पोरगी वाड्यावर जाते. भाकर द्यावी तर ती भीक. सगळ्या वाटा बंद, आणि बंद करणारी कोण? ही जीभ! तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. त्यानं काही झालं नाही, नुसता गाल दुखला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हैबतराव पाटलांनी वाडी पारावर बोलावली. धोंडाबाईनंच तक्रार नेली होती. असली बाई वाडीत ठेवायची का, असा तिचा सवाल. सगुणा दोन पोरांना घेऊन खाली मातीत बसली होती. पाटील तसा बरा माणूस, पण त्याला लांबण आवडत नसे.

"गोजरावैनी," तो म्हणाला, "गठुड्यात खापर तुमाला घावलं. काय ते सांगा, म्हंजी मोकळं हू."

गोजराबाई उठली. पदर डोक्यावर नीट घेतला. सगुणानं डोळे मिटले.

"सांगते," गोजराबाई म्हणाली. "ते खापर मी घातलं."

आणि पाटलाकडं वळून ती पुढं बोलू लागली.

"सगुणी रोज चांगली भाकर बांधायची. मी वाटंत खायाची. वढ्याला बसायची, गाठ सोडायची, खायाची अन् वजनाला खापर घालायची. पोरगी धनगराची, गरीब गाय, बोलायची न्हाई म्हून तिचीच घेतली. काल पाय घसरला अन् खापर फुटलं. आता घावते म्हून आधी मीच बोंब मारली. चोराच्या उलट्या बोंबा. झालं?"

बानू ताडकन उभी राहिली. "खोटं! मावशी खोटं—"

"गप गं कार्टे!" गोजराबाई अशी ओरडली, की पारावरचे कावळे उडाले. "मोट्या मान्सांत बोलतीस? सगुणे, खाली बसीव तिला. अन् तूबी तोंड उघडू नगंस. चोराला चोर म्हनत्यात, त्यात तुजं काय जातंय?" आणि सगुणाकडं तिनं असं पाहिलं, की सगुणाचे ओठ हलले आणि तसेच मिटले. तिनं लेकीला ओढून खाली बसवलं.

मग जो गलका उठला तो उठला. थू! पोरांच्या तोंडचा घास! हिच्यावर विश्वास टाकला सहा वर्षं! पाटलानं काठी आपटली. त्याच्या तोंडची वहिनी आता गेली होती. "गोजरे, पाटी आजपासनं बंद. अन् दंड म्हून ह्या पोरीला, ती सातवी हुईस्तोवर, रोज एक भाकर तुज्या घरची. सगुणे, ही तुजी भरपाई हाय. न्हाई म्हनायचं न्हाई."

दंड! भीक नव्हे, उपकार नव्हे, पाटलानं वाडीसमोर लावलेला दंड. गोजराबाईनं खाली मान घातली, कारण तोंडावरचं काही दिसायला नको होतं. तिला एवढंच हवं होतं.

पण बायांचं समाधान झालं नव्हतं. "नुसती भाकर?" धोंडाबाई ओरडली. "वर कालवन कोन देनार? डाळीचं कालवन पायजे!"

"अन् पालेभाजी!" रत्नाबाई म्हणाली. "हिच्या परसात माठ हाय, चाकवत हाय. रोज खुडून द्यायची."

"कोंबड्या हायेत की हिच्या," असं म्हणाली सारजाबाई, गोजराबाईची सख्खी जाऊ. "आठवड्याला दोन अंडी लावा, पाटील. जिरू द्या चांगली."

"अंडी नगा वो, पाटील!" गोजराबाईनं गळा काढला. "मरंन मी!"

"तीन अंडी," पाटील म्हणाला.

मास्तर बिचारे सहा वर्षं घसा फोडून हेच सांगत होते आणि एका घरानं ऐकलं नव्हतं. आता नुसत्या रागापोटी सगळ्या वाडीनं मिळून एका पोरीचं जेवण ठरवलं, डाळ, पाला, अंडी सगळं धरून. गोजराबाईला रडता रडता हसू यायला लागलं, ते तिनं पदरात कोंबलं.

आणि तेवढ्यात तिच्या कानावर पुढचं बोलणं पडलं.

"मला तर आदीपासनंच वाटत हुतं," सारजाबाई म्हणत होती.

"आमच्या पोराची चटनी रोज कमीच असायची," दुसरी म्हणाली. "मी म्हनायची, सांडत आसंल."

"पावसाळ्यात एकदा आमचं फडकं वलं हुतं, गाठबी निराळी. तवाच मला शंका आली."

गोजराबाईचं हसू जागच्या जागी थिजलं. ती एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. ओलं फडकं? त्या दिवशी ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं! पाटी दोन्ही हातांनी वर धरून ती पलीकडं गेली होती, स्वतः बुडता बुडता वाचली होती. गाठ सुटली तर पोरांची भाकर भिजेल म्हणून दातांनी आवळली होती. तीच ती निराळी गाठ. तिला वाटलं होतं, एक तरी उठेल. एक तरी म्हणेल, की गोजरा तोंडाळ असेल, भांडकुदळ असेल, पण ती पोरांचं खाणार नाही. मग आपण तिला दटावू, बस गं खाली म्हणू. दटावायची तिनं तयारीसुद्धा केली होती. कुणी उठलंच नाही. जाऊ उठली नाही, जिच्या तीन पोरांच्या भाकरी तिनं वाहिल्या ती रत्नाबाई उठली नाही, आणि पाटलानंही पुन्हा एकदा विचारलं नाही. तिनं एक खोटं सांगितलं आणि सहा वर्षांचं खरं पापणी लवायच्या आत पुसलं गेलं. गोजराबाई पारावरून घरी गेली, उंबऱ्यावर बसली आणि दुपार टळेपर्यंत तिथून उठली नाही.

दंड मात्र तिनं चोख भरला. बानू रोज सकाळी दाराशी यायची. शेजारी ऐकत असतील म्हणून गोजराबाई ओरडायची, "घे, गीळ मेले, माजं वाटुळं केलंस!" आणि फडक्यात नाचणीची भाकर, डाळ, चाकवत, उकडलेलं अंडं बांधून द्यायची. तीन ठरली होती, पण अंडी रोजच असायची. तिला रस्त्यात बाया टाळायच्या. भाकरचोर गोजरी हे नाव कायमचं पडलं. जत्रेला आलेला गेणबा ते नाव ऐकून दुसऱ्याच दिवशी मुंबईला परत गेला. जाताना एवढंच बोलला, "डबा फोडलास?" ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तीन वर्षांनी बानू सातवी पास झाली. निकाल कळला त्या संध्याकाळी ती थेट पारावर गेली आणि सगळं सांगून टाकलं. खापर कुणी घासलं, कुणी बांधलं, कशासाठी बांधलं. सगुणाही उभी राहिली आणि म्हणाली, व्हय, माझ्या घरात दोनच भाकरींचं पीठ होतं. लाज गेली तर गेली.

कुणाचाही विश्वास बसला नाही.

"तीन वर्सं तिचं खाल्लंय," धोंडाबाई म्हणाली. "मिंध्या झाल्यात मायलेकी. गोजरीनं पढीवलंय दोगींस्नी."

बानू धावत गोजराबाईच्या घरी आली. रागानं तिला बोलता येत नव्हतं. हुंदके देत देत तिनं सगळं सांगितलं. गोजराबाई चुलीपुढं बसून ऐकत होती. पारावर काय झालं याचं तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही. पण मध्येच तिचा भाकरी थापणारा हात थांबला आणि चेहरा पार उतरला.

"बाने," ती म्हणाली, "तू सातवी झालीस. म्हंजी आज दंड सपला न्हवं का गं?"

बानूनं डोळे पुसले.

"पाटलाचा सपला," ती म्हणाली, आणि पाट ओढून चुलीजवळ जेवायला बसली.